साडूंचे डोळे आणि कुर्डुवाडीची गाडी

जगातल्या एकाही गोष्टीवर विश्वास न ठेवता माणूस पन्नाशी ओलांडू शकतो, संसार करू शकतो आणि वर भर रस्त्यावर दुकानही चालवू शकतो, हे मला माझ्या थोरल्या साडूंकडे बघून पटलं. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे ते यजमान. राहणार परंड्याचे. मी धाराशिवला शाळेत शिकवतो, त्यामुळे आमची गाठ सणासुदीला नाहीतर लग्नकार्यात पडते. पण एकदा पडली की पुढचे काही दिवस मलाही दूधवाल्याला उगाच दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. चहाचा कप हातात आला की साडू आधी आत डोकावतात, मग ज्यानं दिला त्याच्या तोंडाकडे बघतात, आणि त्यानं घोट घेतल्याशिवाय स्वतः घेत नाहीत. किती वाजले हे ते एकाला कधी विचारत नाहीत, दोघांना विचारतात. दोघांनी वेगवेगळी वेळ सांगितली तर त्यांना हायसं वाटतं, आणि दोघांनी एकच सांगितली तर 'ह्यांचं आधी ठरलेलं दिसतंय' अशा चेहऱ्यानं ते गप्प होतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांच्या वतीनं तेच मला पारखायला आले होते. बराच वेळ माझं तोंड न्याहाळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमी सारखं हसता का?" मी म्हटलं, जरा अवघडल्यासारखं झालंय म्हणून हसतोय. "मग ठीक हाय," ते म्हणाले, "मला वाटलं, आमच्यात काय तरी दिसलं तुमाला." रस्त्यानं जाताना कुणी लांबून हात केला तर ते कधी हात वर करत नसत. आहे तिथं ताठ उभे राहत. माणूस अगदी जवळ येऊन बोलला की मग त्यांचा चेहरा सैल पडायचा. "लांबनं हात करणाऱ्याचं म्या खरं धरत न्हाय," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "जवळ येऊन बोलायला काय झालं?"

परंड्याच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सातबारा, जातीचे दाखले, पोरांचे कॉलेजचे अर्ज, पीकविमा, सरकारला जे जे म्हणून ऑनलाइन लागतं ते सगळं तिथं होतं. पूर्वी ते तहसीलबाहेर लिंबाखाली मराठी टाइपरायटर घेऊन बसायचे. त्या टाइपरायटरवर त्यांचा थोडाफार जीव होता, कारण त्याचं झाकण काढून आत बघता यायचं. कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मुद्दामच दाखवत नाहीत असं साडूंचं ठाम मत. स्क्रीनच्या वरच्या बाजूला कॅमेऱ्याचं बारीक भोक असतं, त्यावर त्यांनी आक्कांची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, मरून टिकली चिकटवलेली असते. गोंद वाळून टिकली पडली की गिऱ्हाइकांना तसंच बसवून ते घरी नवी टिकली आणायला जातात. पासवर्ड ते सतत बदलतात आणि पोटच्या मुलीलाही सांगत नाहीत. पण टाइप करताना एकेक अक्षर तोंडानं म्हणायची त्यांची सवय असल्यामुळे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही तो पाठ असतो. सर्व्हर हा त्यांच्या लेखी एक माणूस आहे आणि तो मुंबईत कुठंतरी बसतो. "डाऊन हाय म्हणत्यात," ते गिऱ्हाइकाला सांगतात, "डाऊन म्हंजी नेमका कुठं गेलाय, कुणी बघितलंय का?"

अशा माणसाचे डोळे दुखायला लागले, तेव्हा ते साध्यासुध्या कारणानं दुखत असतील हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. दिवस पीकविम्याचे होते. सकाळी शटर वर गेलं की दिवेलागणीपर्यंत मान वर करायला सवड नसायची. डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे, कुणी वाळू टाकल्यासारखे टोचायचे, आणि दुपार कलली की त्यांना धारा लागायच्या. विमा भरायला आलेल्या एका म्हातारीनं त्यांच्या गालावरचं पाणी बराच वेळ बघितलं आणि शेवटी त्यांचा हात धरून ती म्हणाली, "नगं रडू लेकरा, माझा फारम न्हाय भरला तरी चालतंय." साडूंचा पहिला संशय ट्यूबलाइटवर गेला. ती बदलली. मग शेजारच्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनवर गेला, कारण तिचा हिरवा उजेड भिंतीखालून येतो असं त्यांना वाटत होतं. मग आक्कांच्या फोडणीवर गेला, घर पार दुसऱ्या गल्लीत असताना. आक्कांनी डोळ्यांवर ठेवायला काकडीच्या चकत्या डब्यात घालून दिल्या, तर काकडी फवारलेली असेल म्हणून त्यांनी त्या धुतल्या, सोलल्या आणि मीठ लावून खाल्ल्या. नंतर बाजारातून एक काळा गॉगल आणला. तो घालून ते दुकानात बसले, तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठं केलं हे विचारायला माणसं येऊ लागली, आणि त्या गॉगलच्या अंधारात त्यांनी एका पैलवानाच्या अर्जात 'स्त्री' या शब्दासमोर खूण केली. पैलवान समजूतदार होता म्हणून बरं. गॉगल त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये गेला.

मी त्यांना फोनवर सुचवलं, एकदा डोळे तपासून चष्मा घेऊन टाका. चष्मा हा शब्द ऐकल्यावर पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "साडूभाऊ," ते म्हणाले, "तुमाला कुणी सांगितलं माझ्याशी असं बोलायला?" मी म्हटलं, कुणी नाही, माझं मीच बोलतोय. "चष्मा ही डोळ्याला लावलेली सवय हाय. एकदा लागली की सुटत न्हाय. कुणाचा नंबर उतरून चष्मा सुटलेला तुमी बघितलाय का? मग? ह्यात कुणाचा फायदा हाय, तुमीच इचार करा." तरीही आक्कांनी धोशा लावल्यावर ते बार्शीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाले, पण एका अटीवर. मी बरोबर पाहिजे. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, डॉक्टर काय बोलले याला साक्षीदार हवा होता.

बार्शीच्या त्या खोलीतला प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. डॉक्टर भला माणूस. त्यांनी साडूंना खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावर दिवा लावला आणि म्हणाले, वाचा. साडूंनी तक्त्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, अर्थ काही नाही, नुसती अक्षरं आहेत. "बिनअर्थाचं म्या वाचत न्हाय," साडू म्हणाले. "आमच्या धंद्यात लई माणसं बघितल्यात डाक्टर, काय लिवलंय ते कळायच्या आत व्हय म्हणून बसलेली. तुमी आधी अर्थ सांगा, मग वाचतो." डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, कंपाउंडरनं येऊन स्वतः तो तक्ता घडाघडा वाचून दाखवला. साडूंनी त्याचं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला पाठ हाय." मला हसू आवरेना. मी तोंडाला रुमाल लावून बाहेर आलो. बाहेर पुढच्या पेशंटांची रांग लागली होती. शेवटी डॉक्टरांनी तक्त्याचा नाद सोडला, थेंबाचं औषध लिहून दिलं आणि सांगितलं की स्क्रीनकडे बघताना माणूस पापण्या लववायचं विसरतो, त्यानं डोळे कोरडे पडतात. तेव्हा मधूनमधून काम थांबवा, लांब कुठंतरी नजर लावा, आणि डोळे चांगले घट्ट मिटून उघडा, पाच-सात वेळा.

"मधूनमधून म्हंजी कवा?" साडूंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या सोयीनं, एखादी खूण ठरवून घ्या. आता खूण कशाची धरायची? घड्याळ कुणीही पुढंमागं करू शकतो. मोबाइल तर आपलं सगळं ऐकत असतो. परतीच्या एसटीत साडू सबंध वाट विचार करत होते, आणि परंड्याच्या स्टँडवर उतरताच त्यांना खूण सापडली. स्टँडवरचा कंट्रोलर कुर्डुवाडीची गाडी लागल्याचं पुकारत होता. कुर्डुवाडीला दिवसभर गाड्या जातात. आणि मुख्य म्हणजे पुकारणारा माणूस काचेआड बसलेला का होईना, स्वतःच्या तोंडानं पुकारतो. "मशीन न्हाय बघा, माणूस हाय," साडू म्हणाले. त्यांनी कशावर तरी भरवसा ठेवलेला मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे मीही मान डोलावली.

याच सुमारास त्यांच्या घरात एक चांगली गोष्ट घडत होती. त्यांना एकुलती एक मुलगी, वैष्णवी. बी.कॉम. झालेली, हाताची चलाख, दुपारी वडिलांना जेवायला पाठवून दुकानावर बसणारी. दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एका बाईंचं साड्यांना पिको-फॉल करून देण्याचं दुकान आहे. बाई पन्नाशीच्या, करारी, नेहमी हिरव्या साडीत, सगळ्या बाजारपेठेत मान असलेल्या. त्या रोज समोरून वैष्णवीला बघत होत्या, आणि त्यांनीच भूमकडच्या ईट गावातल्या आपल्या भाच्याचं स्थळ सुचवलं. मुलगा शेती बघणारा, रोपवाटिका चालवणारा. या नात्यानं आमच्याकडे सगळे त्या बाईंना आत्याबाई म्हणू लागले. साडू ईटला जाऊन आले. त्यांनी विहिरीचं पाणी हुंगून प्यायलं, शेजाऱ्यांना गोल गोल प्रश्न विचारले, म्हशींची दाढही तपासली असावी. संशय घ्यायला काही सापडेना म्हणून दोन दिवस जरा उदास होते, पण मग तेही मानले. पोरांनी एकमेकांना पसंत केलं. वैष्णवी तर दुकानात बसल्या बसल्या गुणगुणायला लागली असं आक्का सांगत होत्या. सुपारी कधी फोडायची तो दिवस तेवढा ईटच्या पाव्हण्यांनी कळवायचा होता.

तो दिवस काही कळवला जाईना. फोन केला की नवऱ्या मुलाचे वडील म्हणायचे, "बघू, जरा थांबा." मग फोन उचलेनासे झाले. आत्याबाई रस्त्यापलीकडून बोलायच्या बंद झाल्या. वैष्णवीचं गुणगुणणं थांबलं, ताटातली भाकरी तशीच राहायला लागली, आणि आक्का माझ्या बायकोला फोन करून नुसत्या रडायला लागल्या. एवढं चांगलं ठरलेलं मोडतंय, आणि का मोडतंय हे कुणी सांगत नाही, म्हणजे पोरीबद्दलच लोक काहीबाही बोलणार. साडूंनी संशयाला पूर्ण मोकळीक दिली. आधी भावकी झाली. मग झेरॉक्सवाला झाला. एका नातेवाइकानं साखरपुड्याला कोणते कपडे घालू असं आगाऊ विचारलं होतं, त्याच्यावर दोन दिवस गेले. शेवटी मला फोन आला. "साडूभाऊ, तुमी तर कुठं काय बोलला न्हाय ना? न्हाय? मग या इकडं, आन कुणी कान भरले ते शोधून काढा. मला आता कुणाचंच खरं वाटना."

मी रविवारी परंड्याला गेलो आणि दुकानात त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसलो. साडू कुणाचा तरी अर्ज भरत होते, नाक स्क्रीनला लागेल इतके वाकून. तेवढ्यात स्टँडवरून कुर्डुवाडीची गाडी पुकारली. साडूंची बोटं जागच्या जागी थांबली. त्यांनी मान उचलली, अंग खुर्चीत ताठ केलं, नजर रस्त्यापलीकडे नेमकी पिको-फॉलच्या दुकानात लावली, आणि डोळे मिटायला सुरुवात केली. मिटायचे दोन्ही होते, पण डावा डोळा झटकन पूर्ण मिटत होता आणि उजवा मागं रेंगाळत होता. डाव्याचं उरकलं की मग उजव्याची हालचाल. असं पाच-सात वेळा. शेवटी डोळ्यांना गारवा वाटला म्हणून ते समाधानानं गोड हसले आणि पुन्हा कामाला लागले. मी समोर बघितलं. आत्याबाईंनी शिवणयंत्रावरून उठून दुकानाचा पडदा खसकन ओढून घेतला होता.

मी पुढच्या गाडीची वाट बघितली. पुन्हा तेच.

"अण्णा," मी म्हटलं, घरातले सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, "तुम्ही समोर कुणाकडं बघता?"

"कुणाकडं म्हंजी? तिथं हिरवं काय तरी लावलंय. डोळ्याला बरं वाटतं."

"ते हिरवं म्हणजे आत्याबाईंची साडी आहे. आत आत्याबाई आहेत."

साडूंनी कीबोर्डवरची बोटं काढून घेतली. मग हळूच म्हणाले, "ते हालत न्हाय की वो. मला वाटलं पडदा हाय." आणि थोड्या वेळानं, गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी येऊन, "मला लांबचं दिसत न्हाय साडूभाऊ. जवळचं सगळं दिसतं, टायपिंगला काय अडत न्हाय. लांबचं कवा गेलं ते कळलंच न्हाय. रस्त्याच्या पल्याड नुसते रंग दिसत्यात." तेव्हा मला बार्शीचा तो तक्ता आठवला, आणि तोंडाला लावलेला रुमालही. त्यांना अक्षरांचा अर्थ नको होता. त्यांना अक्षरंच दिसत नव्हती. मी म्हटलं, मग हे घरात सांगायचं नाही का? त्यांनी माझा हात दाबला. "वैष्णवीला कळू दिऊ नका. तिला कळलं तर ती लग्नाला उभी ऱ्हाणार न्हाय. म्हणंल, अण्णाला दिसत न्हाय, दुकान मीच बघते. जलमभर हितंच बसंल ती. माझी पोर म्या वळखतो." या माणसाच्या सगळ्या संशयांना मी आजवर हसत आलो होतो, पोरीविषयीचा हा एकच त्यांनी इतकी वर्षं एकट्यानं उरावर वागवला होता, आणि तोच खरा होता.

मी रस्ता ओलांडून आत्याबाईंकडे गेलो. त्यांनी पडदा जरासा सारून मला स्टूल दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "तुमी त्यांचे साडू न्हवं? मग तुमालाच इचारते. कुर्डुवाडीला काय हाय?"

"कुर्डुवाडीला?"

"व्हय. कुर्डुवाडीची गाडी लागली की तुमचे साडू माझ्याकडं बघून डोळा घालत्यात. एक गाडी सोडत न्हाईत. बार्शीची लागू द्या, करमाळ्याची लागू द्या, खाली मान. कुर्डुवाडी म्हटलं की वर मान आन डोळा. वर हसत्यात. ह्या वयात मला कुठं घिऊन चाललेत ते?"

मला हसायचं होतं, पण त्या बाईंचे डोळे भरले होते. त्यांनीच स्थळ सुचवलं होतं, आणि साडूंनी त्याचा असा भलताच अर्थ काढला असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाहेर बोलावं तर स्वतःची अब्रू जाते आणि पोरीचीही. म्हणून भावाला त्यांनी नुसतं 'तिथं नको' एवढंच कळवलं होतं. भावानं फारच खोदून विचारलं तेव्हा कुठं कारण सांगितलं. "पोरगी चांगली हाय, मला पसंत हाय," त्या म्हणाल्या, "पर बाप असला म्हटल्यावर कसं करायचं?" मी सांगितलं, अहो, त्यांना तुम्ही दिसतच नाही. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "दिसत न्हाय तर नेम कसा लागतो?"

मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं आणि कुर्डुवाडीच्या गाडीची खूण सगळं सांगितलं, तरी त्यांना पुरतं पटेना. पण त्या न्यायी बाई होत्या. त्यांनी भावाला बोलावून घ्यायचं कबूल केलं, आणि परंड्याच्या बाजारच्या दिवशी ईटचे पाव्हणे आले. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, कमी बोलणारे गृहस्थ. साडूंच्या दुकानात शटर अर्धं ओढून आम्ही बसलो: पाव्हणे, आत्याबाई, आक्का, मी, आणि चहा घेऊन आलेली वैष्णवी. बोलायचं मी होतं, तसं ठरलं होतं. वैष्णवीसमोर साडूंच्या डोळ्यांचा विषय न काढता काहीतरी गोलमाल सांगून वेळ मारून न्यायची, असा आमचा बेत होता. मी घसा खाकरला. पण साडूंनी मला हातानं थांबवलं. त्यांनी एकदा वैष्णवीच्या दिशेनं बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, मला लांबचं दिसत न्हाय. आज न्हाय, लई वरसांपासून. डाक्टरनं लांब बघून डोळं मिटाय सांगितलं, म्या मिटत हुतो. समोर ताई हाईत हेबी मला साडूभाऊंनी सांगितलं. चूक माझी हाय, माझ्या पोरीची न्हाय. तिला ह्याची शिक्षा दिऊ नका."

वैष्णवीच्या हातातला ट्रे टेबलावर टेकला. पाव्हण्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "हे खरं कशावरून धरायचं?"

जन्मभर जो प्रश्न साडूंनी सगळ्या जगाला विचारला तो त्यांना कुणी विचारायची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, आता संपलं. पण साडूंच्या चेहऱ्यावर मी त्या दिवसांत न बघितलेला उल्हास आला. "बरोबर इचारलं," ते खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "म्याबी हेच इचारलं असतं. तुमी पारखून घ्या."

पाव्हणे उठले, रस्ता ओलांडून बहिणीच्या दुकानात गेले आणि पडदा सारून शिवणयंत्रापुढं बसले. फॉल लावायला आलेली कुणाची तरी हिरवी साडी त्यांनी टोपीवरून खांद्यावर ओढून घेतली. आम्हाला इकडून सगळं स्वच्छ दिसत होतं, मिशा तर फारच. आत्याबाई इकडेच, साडूंच्या खुर्चीमागं बसल्या होत्या, पण त्यांनी श्वाससुद्धा आवरून धरला. मी विचारलं, "अण्णा, समोर कोण बसलंय?"

साडूंनी डोळे बारीक केले. "कोण म्हंजी? आत्याबाई गेल्या की आत्ता हितनं उठून."

"नक्की?"

"नक्की. मान खाली घालून बसल्यात. रागात दिसत्यात."

आणि तेवढ्यात स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी पुकारली. सवयीला कोण आवरणार? साडूंनी अंग ताठ केलं, आणि ईटच्या त्या मिशाळ, हिरव्या साडीतल्या व्याह्यांकडे बघून आधी डावा, मग उजवा, असे डोळे घालायला सुरुवात केली. शेवटी गोड हसले. समोर हिरवी साडी आधी थरथरली, मग गदगदा हलायला लागली, आणि पाव्हणे यंत्रावर डोकं टेकून इतके हसले की रस्त्यावरची माणसं थांबली. साडी तशीच खांद्यावर घेऊन ते परत आले. "पोरी," ते वैष्णवीला म्हणाले, "तुझ्या बापानं मलाबी सोडलं न्हाय." सुपारीचा दिवस त्यांनी तिथंच सांगून टाकला. आत्याबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आक्का हसताहसता रडत होत्या.

वैष्णवी हसली नाही. ती वडिलांच्या खुर्चीजवळ खाली बसली. "मी समोरून यायची तवा तुमाला कोण दिसायचं, अण्णा?" तिनं विचारलं. "तूच," साडू म्हणाले, "तुझं चालणं कळतं की मला." त्यावर ती उठली, आणि चष्मा लागल्याशिवाय आपण बोहल्यावर उभं राहणार नाही एवढं तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बार्शीला या वेळी तीच घेऊन गेली. साडूंनी तक्त्यावरचं पहिलं मोठं अक्षर वाचलं, दुसऱ्या ओळीशी थांबले आणि म्हणाले, "म्होरलं दिसत न्हाय." अर्थ विचारला नाही.

चष्मा आल्यावर काही दिवस त्यांचं फार विचित्र झालं. आक्कांच्या डोक्याकडे बघून "हे केस कवा पिकले?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आक्का दिवसभर बोलल्या नाहीत. रस्त्यावर कुणी लांबून हात केला की ते आता हात वर करतात. त्यानं मागच्या माणसाला केलेला असला तरी करतात. ज्याला आम्ही इतकी वर्षं संशय म्हणत होतो त्यातला निम्मा तरी नुसता अंधुकपणा होता, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. पलीकडून येतोय तो ओळखीचा की अनोळखी, हसतोय की दात काढतोय, हे कळत नसेल तर माणूस जवळ येईपर्यंत ताठ उभं राहण्यापलीकडे करणार काय? उरलेला निम्मा मात्र शाबूत आहे. चष्म्याबरोबर काच पुसायचं कापड फुकट का दिलं, याचा शोध अजून चालू आहे.

लग्न परंड्यातच झालं. पाठवणीच्या वेळी रडारड झाली ती सगळी बायकांची. साडू गाडीच्या टपावर नारळ नीट बांधलाय का, ड्रायव्हर झोपेत तर नाही ना, असल्या चौकश्या करत हिंडत होते. गाडी हलली. भूमच्या बाजूचा तो रस्ता सरळ आहे, आणि माळ उघडा. माणसं मांडवात परतली, वाढप्यांनी भांडी गोळा करायला घेतली, तरी साडू रस्त्याच्या कडेला उभेच. मी जवळ जाऊन म्हटलं, "अण्णा, चला आता."

"थांबा," ते म्हणाले, "दिसतीय अजून."

मीही बघत उभा राहिलो. गाडी बारीक होत चालली होती, पण दिसत होती. "आधी बरं हुतं साडूभाऊ," ते नजर न काढता म्हणाले. "ह्या खांबापतोर गेली असती की संपलं असतं. आता लई लांबपतोर दिसतं." उन्हात गाडीची काच एकदा चमकली. साडूंनी चष्मा काढला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"गेली," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मांडवाकडे वळले. मी मागं वळून बघितलं. गाडी अजून दिसत होती.